बडोद्याहून अमेरिकेला निघताना: लांबच्या विमानप्रवासात तब्येत कशी सांभाळायची

तिकिटावर ‘दोहा ते डॅलस, साधारण 16 तास’ असं दिसतं आणि घरातले सगळे तेवढ्याच आकड्याला घाबरतात. खरा हिशेब बडोद्यातल्या घराच्या दारापासून मांडायला हवा. परदेशी जायचं तर आपल्यापैकी बहुतेक जण अहमदाबाद गाठतात. एक्सप्रेसवेने टॅक्सीत दोन-अडीच तास, विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचं म्हणून तिथे बाकावर बसणं, मग आखातापर्यंत तीन-साडेतीन तास, तिथे चार-पाच तासांचा थांबा आणि त्यानंतर ते 16 तास. बेरीज 30 च्या घरात जाते, आणि त्यातले बहुतेक तास पाय खाली सोडून, गुडघे वाकवून बसण्याचे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली प्रवास आणि रक्ताच्या गुठळ्या यांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर केले. सलग चार तासांहून जास्त बसून प्रवास केला तर पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि यात विमान, बस, मोटार, रेल्वे असा भेद नाही. थोड्या दिवसांत पाठोपाठ प्रवास झाले तर धोका वाढतो. म्हणजे टॅक्सीतले अडीच तासही हिशेबात धरायचे. घाबरून जाऊ नका: निरोगी माणसाला हा धोका साधारण 6000 मध्ये एक इतकाच आहे. पण सत्तरीतले, मधुमेह-बीपीवाले, नुकतं ऑपरेशन झालेले लोक या हिशेबात बसत नाहीत, आणि मुलांकडे सहा महिने राहायला निघालेली मंडळी बहुतेक त्यांच्यातलीच असतात.

आपल्या माणसांच्या बाबतीत माझं मत असं की विमानापेक्षा संकोच जास्त त्रास देतो. शेजारच्याला उठवायचं कसं म्हणून बाथरूमला जायचं नाही. बाथरूमला जायला लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही, वर बीपीची पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळीही गुपचूप टाळायची. आणि मग 14 तास एकाच कुशीवर अवघडून बसायचं. पुढे जे काही सांगतो आहे त्यातलं निम्मं या संकोचावरच आहे.

महिनाभर आधी: डॉक्टरांकडे काय विचारायचं

‘परदेशी चाललोय, काही काळजी?’ असं मोघम विचारलं की ‘काही नाही, मजा करा’ असंच उत्तर मिळतं. आधी विमानात काय होतं ते समजून घ्या. विमान 35-40 हजार फुटांवर उडतं, पण आतला हवेचा दाब 6 ते 8 हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो. बडोदा समुद्रसपाटीपासून जेमतेम 35-40 मीटर. म्हणजे इथला माणूस उड्डाणानंतर थोड्याच वेळात पावागडाच्या दुपटीहून जास्त उंचीवर, पार मसुरी-सिमल्याला, जाऊन बसतो आणि तिथे रात्र काढतो. निरोगी माणसाचं ऑक्सिजनचं प्रमाण एरवी 97-98 असतं, ते 90 ते 94 च्या दरम्यान येतं. त्याला ते जाणवतही नाही. ज्याचं घरीच 92 आहे त्याला मात्र जाणवतं. बोइंग 787 आणि एअरबस ए350 या नव्या विमानांत दाब 6 हजार फुटांच्या आसपास ठेवतात, त्यामुळे दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला विमान निवडायची मुभा असेल तर ती वापरावी.

एक साधी घरगुती चाचणी आहे: सपाटीवर 50 मीटर नेहमीच्या चालीने चाला किंवा एक जिना न थांबता चढा. छातीत दुखलं किंवा बोलता येणार नाही इतकी धाप लागली, तर तिकीट काढण्याआधी तपासणी करून घ्या. हिमोग्लोबिनही बघा. ते 7.5 च्या खाली असेल तर विमानात बसण्याआधी त्यावर उपचार व्हायला हवेत, आणि आपल्या घरांमधल्या बायका थकवा अंगावर काढतात, त्यामुळे हा आकडा बऱ्याचदा कुणालाच ठाऊक नसतो.

ऑपरेशनचं वेळापत्रक प्रवासाशी जुळवून घ्या. ‘निघायच्या आधी गुडघा करून टाकू’ हा विचार चुकीचा. सांधेरोपणानंतर लांबचा विमानप्रवास साधारण तीन महिने टाळावा असं सांगितलं जातं. हृदयविकाराचा साधा झटका येऊन सगळं स्थिर असेल तरी किमान आठवडा-दहा दिवस, गुंतागुंत झाली असेल तर चार ते सहा आठवडे थांबायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला फारशी अडचण नाही. मात्र पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानात पाऊल ठेवायचं नाही. वर गेल्यावर तो गॅस फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टी जाऊ शकते. कुठला गॅस भरलाय त्यावर दोन ते सहा-आठ आठवडे लागतात, हे नेत्रतज्ज्ञांकडून लिहूनच घ्या.

गुठळीचा धोका कुणाला जास्त? आधी कधी गुठळी झालेल्यांना, कॅन्सरचे उपचार चालू असलेल्यांना, महिन्या-दीड महिन्यात मोठं ऑपरेशन झालेल्यांना, गरोदर बायकांना आणि बाळंतिणीला पहिले सहा आठवडे, स्थूल माणसांना, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना. यात आणखी एक गोष्ट येते जी कुणी डॉक्टरांना सांगत नाही: प्रवासात किंवा पुढच्या कार्यात अडचण नको म्हणून घेतलेल्या पाळी लांबवायच्या गोळ्या. त्यांनीही रक्त गोठायची शक्यता काहीशी वाढते. यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या तर डॉक्टर प्रवासाआधी इंजेक्शन द्यायचं ठरवू शकतात. ‘रक्त पातळ राहील’ म्हणून स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. केवळ प्रवासासाठी ती घ्यायची शिफारस नाही, आणि पोटातला रक्तस्राव विमानात सुरू झाला तर पंचाईत.

गरोदरपणात साधारण 28 आठवड्यांनंतर विमान कंपन्या डॉक्टरांचा दाखला मागतात आणि 36 आठवड्यांच्या पुढे बहुतेक नकार देतात. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतात, तिकिटाआधी बघून घ्या. ऑक्सिजनचं यंत्र सोबत नेणार असाल तर कंपनीचा वैद्यकीय फॉर्म भरावा लागतो आणि बॅटऱ्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या लागतात.

औषधांची पिशवी

सगळी औषधं हातातल्या बॅगेत. इन्सुलिन तर सामानाच्या बॅगेत कधीच नाही. तिथे ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन दिसायला ठीक वाटलं तरी कामाचं राहत नाही. प्रिस्क्रिप्शनवर कंपनीच्या नावासोबत मूळ औषधाचं नाव लिहून घ्या, कारण आपले ब्रँड तिकडच्या फार्मसीला माहीत नसतात. गोळ्या पाकिटातून सोडवून स्टीलच्या डबीत भरायची सवय प्रवासापुरती सोडा. घरगुती चूर्णाच्या बिनलेबलच्या पुड्यांवर सामान तपासणारा अडून बसला तर त्याला दोष देता येणार नाही.

स्वतःच्या वापरासाठी अमेरिकेत साधारण 90 दिवसांपर्यंतची औषधं न्यावीत असा संकेत आहे. सहा महिने राहणार असाल तर उरलेल्यांचं काय करायचं ते मुलांशी आधीच बोला. दुबईत उतरून चार दिवस राहणार असाल तर ट्रॅमाडॉल आणि कोडीन असलेल्या गोळ्यांवर तिथे कडक नियंत्रण आहे हे ध्यानात ठेवा. आणि विषय निघालाच आहे तर, खसखससुद्धा तिथे चालत नाही. नातीसाठी केलेले अनारसे त्या वाटेने नेऊ नका.

वेळांचा घोळ मधुमेहींना जास्त त्रास देतो. पश्चिमेला जाताना दिवस नऊ-दहा तासांनी लांबतो, येताना तेवढाच आखूड होतो. डॉक्टरांकडून प्रवासाच्या दिवसाचं वेळापत्रक भारतीय वेळेत लिहून घ्या आणि एक मनगटी घड्याळ पोहोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवा. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, त्याच्यावर विसंबू नका. जेवणाआधीचं इन्सुलिन ट्रॉली दिसली म्हणून टोचायचं नाही. ताट समोर येऊन झाकण उघडल्यावरच टोचायचं, कारण मध्येच विमानाला झटके बसायला लागले की ट्रॉली परत जाते आणि जेवण तासभर लांबतं. खिशात चार ग्लुकोज बिस्किटं आणि साखरेच्या पुड्या असू द्या. रक्त पातळ करणारी गोळी दर 12 तासांनी घेत असाल तर तीही त्याच घड्याळावर. थायरॉइडची गोळी चार तास पुढे-मागे झाली तर काही बिघडत नाही.

निघायची संध्याकाळ

अहमदाबादहून आखाताकडे जाणारी बरीचशी विमानं पहाटेची असतात, म्हणून बडोद्याहून रात्रीच निघावं लागतं. त्याआधी निरोपाचं जेवण होतं, आणि भाचा प्रेमाने सेव-उसळ घेऊन येतो. वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो तशी शरीरातली हवा पाव पटीने फुगते. घरी जे नुसतं जड वाटतं ते विमानात पोट टम्म करतं, छातीत दाटल्यासारखं होतं आणि हृदयाचंच काही झालं अशी भीती वाटते. म्हणून निघायच्या दिवशी उसळी, छोले, राजमा, कोबी, सोड्याच्या बाटल्या बंद. मुगाची खिचडी-कढी किंवा दहीभात बरा.

विमानातलं जेवण मुळात खारट असतं, त्यात वरून आपलं लोणचं आणि खाकरे आले तर बीपीवाल्यांचे पाय उतरेपर्यंत सुजलेले असतात. मधुमेहींसाठीचं किंवा कमी मिठाचं जेवण एक-दोन दिवस आधी सांगून ठेवता येतं, त्याचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत. अ‍ॅसिडिटीची गोळी नेहमी घेत असाल तर ती हातातल्या बॅगेत वरच्या कप्प्यात ठेवा.

टॅक्सीवाल्याला मध्ये एकदा थांबायला सांगा आणि चहासाठी का होईना, पाच मिनिटं चाला.

सीट: सगळ्यात महत्त्वाचा निर्णय

काकांना खिडकी, काकूंना मधली आणि कडेला कुणी अनोळखी तरुण कान झाकून झोपलेला. या रचनेतून काकू 14 तास उठत नाहीत. तिकीट काढताना जोडप्याने मार्गिकेच्या दोन बाजूंच्या समोरासमोरच्या सीट घ्याव्यात. हात लांब केला तर एकमेकांना डबा देता येतो आणि दोघांनाही कुणाला उठवावं लागत नाही. थोडे पैसे जास्त पडले तरी द्या. ज्या मुलांनी तिकीट काढलंय त्यांनी आई-बाबांना न विचारताच हे करून टाकावं, कारण विचारलं तर ‘कशाला उगाच खर्च’ हेच उत्तर येणार.

मधलीच सीट मिळाली तर सुरुवातीलाच, पट्टा लावतानाच, शेजारच्याला सांगून टाका की मला दर दोन तासांनी उठावं लागेल. इंग्रजी जमत नसेल तर दोन बोटं दाखवून, पायाकडे हात करून सांगा. कळतं. एकदा आधी सांगितलं की नंतर प्रत्येक वेळी अपराधी वाटत नाही.

बुटक्या माणसांकडे कुणाचं लक्ष जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अभ्यासांत 1.9 मीटरहून उंच लोकांबरोबर 1.6 मीटरहून, म्हणजे सव्वापाच फुटांहून, कमी उंचीच्यांनाही गुठळीचा धोका जास्त दिसला. पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, सीटची कड गुडघ्यामागे रुतते. आपल्या बहुतेक आज्या आणि काकू यात येतात. पायाखाली एक चपटी पिशवी किंवा घडी केलेलं ब्लँकेट ठेवा, मांडी सीटवर सपाट टेकली पाहिजे. बाकी सामान वरच्या कप्प्यात टाका, पाय हलवायला जागा राहू द्या. आणि सीटवर मांडी घालून बसायची ती आपली लाडकी सवय दहा-पंधरा मिनिटांपुरती ठीक. तशीच झोप लागली तर गुडघा वळलेला आणि शीर दबलेली राहते.

झोपेची गोळी नको. दारूबद्दलही तेच. गोळी घेतलेला माणूस सहा तास हलत नाही, आणि जागा झाल्यावर अंधारात धडपडतो.

विमानात दर तासाला

बसल्या जागी टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असं 20-30 वेळा. पोटऱ्या घट्ट झालेल्या जाणवल्या पाहिजेत, नुसती बोटं हलवून उपयोग नाही. पोटरीचा स्नायू आवळला की शिरेतलं रक्त वर ढकललं जातं. बसून राहिलं की हे काम थांबतं, म्हणून गुठळी होते. लंडनवर 1940 साली बॉम्बहल्ले चालू असताना लोक खंदकांत रात्रभर खुर्च्यांवर बसून राहायचे, तेव्हा फुप्फुसात गुठळी जाऊन अचानक झालेले मृत्यू डॉक्टरांच्या नजरेत आले होते. विमानाचा तिथे काही संबंध नव्हता.

दर दोन तासांनी उठून मागच्या बाजूपर्यंत एक फेरी मारा. ताटं उचलून झाल्यानंतरची वेळ चांगली, मार्गिका मोकळी असते. मागे पडद्याजवळ उभं राहून दहा वेळा टाचा उचलायच्या आणि परत यायचं. एकदम ताडकन उठू नका. विमानात चक्कर येऊन पडणं ही सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात साधारण 604 उड्डाणांमागे एक वैद्यकीय प्रसंग नोंदला गेला, आणि त्यात एक-तृतीयांशाहून जास्त नुसती भोवळ किंवा बेशुद्धी होती. आधी पाय हलवा, अर्धा मिनिट सरळ बसा, मग धरून उठा. भोवळ आलीच तर खाली झोपवून पाय उंच करायचे आणि कर्मचाऱ्यांना बोलवायचं. त्यांच्याकडे ऑक्सिजन असतो आणि ते विमानातला डॉक्टर शोधतात.

हवेत ओलावा 10 ते 20 टक्क्यांपर्यंत खाली जातो, म्हणून नाक, डोळे, घसा सुकतात. शरीर आतून कोरडं पडतं ते मात्र बहुतेक न प्यायल्यामुळे. रिकामी बाटली सुरक्षातपासणीतून नेऊन आत भरून घ्या आणि तासाला अर्धा-पाऊण कप घोट घोट प्या. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्याची मर्यादा ठरवून दिली असेल तर तीच पाळा. पाण्याची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची एवढं डॉक्टरांना विचारता येतं.

हवेतल्या संसर्गाची भीती वाटते तेवढी खरी नाही. आतली हवा तासाला 20 ते 30 वेळा बदलते आणि परत फिरणारी हवा बारीक गाळण्यांतून जाते. शेजारच्या दोन रांगांत कुणी खोकत असेल तर मास्क लावा, आणि समोरचं टेबल खाण्याआधी पुसून घ्या.

मोजे

सर्जिकल दुकानात ‘व्हेरिकोज स्टॉकिंग’ मागितलं की दुकानदार बहुतेक वेळा मांडीपर्यंतचे जाड मोजे काढतो. प्रवासाला गुडघ्याखालचे, हलक्या दाबाचे, 15 ते 20 आकडा लिहिलेले पुरतात. माप सकाळी, सूज नसताना, घोट्याचं आणि पोटरीचं द्यायचं. अंदाजाने मीडियम उचलून आणू नका. निघायच्या वेळी घाला, वरची कड दुमडू देऊ नका. दुमडलेली कड दोरी आवळल्यासारखी बसते आणि मोज्याचा सगळा हेतू उलटा होतो. घरी पोहोचलात की काढा. पायाच्या धमनीत रक्तपुरवठा कमी असेल किंवा मधुमेहाने तळवे बधिर असतील तर हे मोजे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालायचे नाहीत. जखम झाली तरी कळणार नाही.

कान, उतरताना

दुखतं ते चढताना कमी, उतरताना जास्त. उतरायला साधारण अर्धा तास असतो तेव्हा झोपलेल्यांना उठवा. लिमलेटची गोळी चोखा, गिळत राहा, नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारा. जोर लावायचा नाही. लहान बाळाला त्याच वेळी पाजायचं. सर्दी असेल तर नाकात टाकायचे थेंब उतरण्याच्या अर्धा तास आधी. सर्दीच्या पोटात घ्यायच्या काही गोळ्यांनी बीपी वाढतं, तेव्हा बीपीवाल्यांनी त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

मधला थांबा आणि व्हीलचेअर

गुडघे दुखतात, धाप लागते, त्यांनी व्हीलचेअर जरूर घ्यावी. पण रोज सकाळी कमाटीबागेत दोन फेऱ्या मारणारे आजोबाही केवळ रस्ता चुकू नये, इंग्रजी बोलावं लागू नये म्हणून व्हीलचेअर मागतात, आणि मधल्या थांब्यातले चार तासही बसूनच काढतात. तुमचं तसं असेल तर तपासणीच्या रांगेपुरती खुर्ची घ्या आणि दारापाशी सोडल्यावर तिथल्या तिथे वीस मिनिटं चाला. ढकलणाऱ्या माणसाला पुढची वेळ दाखवून ठेवा.

पोहोचल्यावर

न्यूयॉर्कशी आपला फरक उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा, म्हणजे दिवसाची जवळजवळ रात्रच होते. शरीर दिवसाला साधारण तासभर सरकतं, त्यामुळे आठवडा-दहा दिवस द्या. दिवसा उजेडात बाहेर फिरा, दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नेऊ नका, रात्री दोनला जाग आली तर भूक नसताना खाऊ नका. त्या आठवड्यात गाडी चालवू नका. नव्या घरात रात्री बाथरूमकडे जाताना गालिचात पाय अडकून पडणारे बरेच असतात, म्हणून वाटेत एक दिवा चालू ठेवायला सांगा. परतीला, पूर्वेकडे येताना, हा त्रास सहसा जास्त होतो. बडोद्याला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी बँकेची कामं काढू नका.

दोन्ही घोटे सारखे सुजलेले असतील तर बहुतेक वेळा पाय उंच ठेवून एक-दोन दिवसांत ओसरतात. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, लालसर दिसते, तर त्याच दिवशी दाखवायचं. चोळायचं नाही, बाम लावून गुंडाळायचं नाही. अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त किंवा शुद्ध हरपणं, यात वाट बघायची नाही. अमेरिकेत 911, आपल्याकडे 108. धोका उतरल्याबरोबर संपत नाही, काही आठवडे राहतो, म्हणून तीन आठवड्यांनी दुखलेल्या पायाचा प्रवासाशी संबंध डॉक्टरांनाही सुचत नाही. लक्षणं सांगायच्या आधीच त्यांना सांगा की अमुक तारखेला मी 30 तास बसून प्रवास करून आलोय. हे वाक्य इंग्रजीत लिहून विम्याच्या कागदासोबत ठेवा. तो विमा जुन्या आजारांना लागू आहे का, तेही निघायच्या आधी वाचा.